ड्रोन नंतर, आधी तळघरं मोकळी करा

संपादक महोदय,

मध्यंतरी आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. अंधाऱ्या पार्किंगमधून एक बाई गाडीकडे निघाली आहे आणि दिवा लावलेला ड्रोन तिच्या डोक्यावरून सोबत करतो आहे. ती गाडीत बसून दार लावते, तेव्हा ड्रोन माघारी फिरतो. खाली लगेच प्रश्न आलाच, ‘आपल्या कोल्हापुरात कधी?’ कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये एका कंपनीनं २०२१ साली असाच प्रस्ताव मांडला होता. मोबाइलवर बटण दाबलं की काही मिनिटांत ड्रोन येणार, प्रखर उजेड पाडणार आणि चित्रीकरण करणार.

मी एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काम करते. सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटते. गाड्या लावायला आम्हाला मागच्या दोन गल्ल्या सोडून पलीकडची जागा. नऊला दुकानांची शटर पडली की तिथं चिटपाखरू नसतं. रस्त्याला दिवा आहे, पण तो झाडाच्या फांद्यांत गेलाय. उजेड पानांवर, रस्ता काळोखात. डीपीच्या कोपऱ्यावर पावलं आपोआप भरभर पडतात. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या मुठीत किल्ली, आणि कानाला फोन, पलीकडे कुणी असो वा नसो. कधी आपल्याच गाडीच्या सीटवर कुणीतरी ग्लास ठेवून बसलेला असतो. ‘दादा, जरा उठता का?’ म्हणताना आवाज नको इतका मऊ होतो, त्याचा राग घरी पोचल्यावर येतो.

म्हणजे ड्रोनची गरज कुणाला असेल, तर आम्हालाच. तरीही माझा या कल्पनेला रोजच्या वापरासाठी विरोध आहे.

साधा ड्रोन एका चार्जिंगवर वीस ते तीस मिनिटं उडतो. शिफ्ट सुटताना दहाजणी दहा दिशांना जाणार, त्यानं कुणाकुणाला पोचवायचं? जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापूरचा पाऊस आणि वारा त्याला उडू देणार नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत लाइट जास्त जाते. शिवाय उजळाईवाडीचा विमानतळ शहराला चिकटूनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपासच्या भागात ड्रोन उडवण्यावर निर्बंध आहेत. तिथं उड्डाणासाठी आधी परवानगी लागते. गोकुळ शिरगावची एमआयडीसी तर विमानतळाच्या शेजारीच. रात्रपाळी सुटते तिथं, आणि परवानगीचं लफडंही तिथंच. गल्लीतल्या कुत्र्यांचं तर बोलायलाच नको. वर घरघर सुरू झाली की ती सगळी भुंकत मागं लागणार, आणि चावणार ड्रोनला नाही.

बरं, ते चित्रीकरण ठेवणार कोण? उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं. हॉस्पिटलचा कॅमेरा रोज रात्री त्यावरून फिरलेला कुणाला चालेल? आणि आम्ही बायका किती वाजता, कुठल्या गल्लीनं, एकट्या जातो, याची रोजची नोंद कुणा ठेकेदाराच्या कॉम्प्युटरवर साठणं हीसुद्धा मला सुरक्षितता वाटत नाही.

ड्रोन जिथं खरंच उपयोगी पडेल, तिथं जरूर वापरा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर यात्रेसाठी किंवा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेले लोक रात्री कुठल्या कुठं लावलेल्या गाड्या शोधत हिंडतात. मोकळं माळरान, तात्पुरती पार्किंग, ना दिवा ना ओळखीचं माणूस. तिथं जमिनीवरून वायरीनं वीज पुरवलेला ड्रोन तासन्‌तास एका जागी थांबून उजेड देऊ शकतो, आणि खाली उभ्या पोलिसांना सगळं मैदान दिसतं. चार दिवसांचं काम, परवानगी आधी काढता येते, वापरणारे पोलीस.

रोजच्या दहा वाजताच्या चालण्याला मात्र हा उपाय नव्हे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत रात्री उशिरा गाडी काढायला मला भीती वाटत नाही. तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसलेली असतात, कुणाची तरी आजी दारात असते. माणसांची ये-जा असली की पुरतं. आमच्या गल्लीत ती नाही, कारण तिथं राहतं कुणीच नाही, सगळी दुकानं, ऑफिसं आणि दवाखाने.

आणि मुळात आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गाड्या का लावतो? हॉस्पिटलच्या इमारतीला तळघर आहे. नकाशात ते पार्किंग म्हणून मंजूर आहे. आज तिथं औषधांचं गोडाऊन आहे, जुने बेड आहेत आणि एक कॅन्टीन. रॅम्पच्या तोंडाशी साखळी. फक्त आमच्याकडेच नाही, शहरात कुठल्याही रहदारीच्या रस्त्यावर तळघरं बघत चला, गाड्या सोडून बाकी सगळं सापडेल. पूर्णत्वाचा दाखला घेताना तिथं पट्टे मारलेले असतात. नंतर पट्ट्यांवर पार्टिशन येतं.

दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, तिचं संरक्षण आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय, असं सगळं लिहिलंय. मालकांना तो पाळायला जड जातो, ड्रोनचा व्हिडिओ मात्र सगळ्यात आधी त्यांनीच लाइक केला.

तेव्हा महापालिकेच्या नगररचना विभागाला विनंती, की रात्री चालणाऱ्या हॉस्पिटल, हॉटेल आणि मॉलपासून सुरुवात करून मंजूर नकाशे आणि प्रत्यक्ष तळघर ताडून बघा आणि यादी वर्तमानपत्रात छापा. विद्युत विभागानं तोवर फांद्या छाटल्या तरी आमचं पुष्कळ काम होईल. आमच्या गल्लीतल्या दिव्याची तक्रार पावसाळ्याआधीच दिली आहे. पावती माझ्याकडे आहे.

– एक वाचक, कोल्हापूर