पेटाऱ्याबाहेरचा बाप

सांगली, रविवार रात्र

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, हा माणूस माझ्या हातालाच लागत नाहीये." तुला तालमीला पळायचं होतं, इकडे आईचा स्वयंपाक व्हायचा होता, आणि मलाही पटकन काही सुचलं नाही. फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात आहे. म्हणून लिहायला बसलो.

पोटच्या मुलीला घराबाहेर काढणारा बाप तुला करायचाय. तुमच्या दिग्दर्शकांनी सांगितलं, त्याची बाजू शोध. तू शोधलीस. पण ती सापडल्यापासून, तूच म्हणालास, तो माणूस मवाळ पडलाय. दार उघडून "चालती हो" म्हणतानाही तुझा आवाज तिची माफी मागतो. तुझी ही अडचण मला खरी वाटते. अभिनयातलं मला तुझ्याइतकं कळत नाही, पण गेल्या महिन्यात मी एक सिनेमा दोनदा पाहिला, आणि त्यातला बाप माझ्या मानेवरून उतरायला तयार नाही. त्याच्याबद्दल सांगतो.

सोंग कांग-हो या कोरियन नटाचं नाव तूच मला पहिल्यांदा सांगितलंस, 'पॅरासाइट' बघून आलास तेव्हा. त्याचं आणखी काय बघायला मिळतं हे शोधताना 'सादो' सापडला. इंग्रजीत 'द थ्रोन'. 2015 चा, दिग्दर्शक ली जून-इक. गोष्ट खरी आहे. आपल्याकडे पानिपत झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1762 च्या जुलैत, कोरियातल्या जोसन घराण्याचा राजा योंगजो याने आपल्या 27 वर्षांच्या मुलाला, युवराज सादोला, राजवाड्याच्या अंगणात तांदळाच्या लाकडी पेटाऱ्यात शिरायला लावलं आणि झाकण बंद करवलं. आठव्या दिवशी मुलगा आत मेला होता. हयात असलेला तो एकच मुलगा होता त्याचा. मी गोष्ट फोडली असं समजू नकोस. सिनेमा सुरुवातीलाच पेटारा अंगणात आणून ठेवतो आणि मग एकेक दिवस मोजत मागे जातो, इथपर्यंत हे दोघे आले कसे ते दाखवायला.

पेटारा म्हणजे काय ते मला माहीत आहे रे. आजोळी देवरुखला माजघरात फणसाच्या लाकडाचा पेटारा होता, तुझ्या पणजोबांनी करून घेतलेला. मे महिन्यात तळाशी दोन पायली तांदूळ उरलेले असत. लपाछपीत मी एकदा आत जाऊन बसलो आणि मामेभाऊ झाकणावर चढून बसला. दोन-तीन मिनिटंच असतील. कोंड्याचा नाकात बसणारा वास, कीड लागू नये म्हणून टाकलेला कडुनिंबाचा वाळका पाला मानेला टोचत होता, आणि माझ्याच श्वासाने हवा गरम होत चालली होती. फटीतून उजेडाची एक बारीक रेघ. बाहेर मामी कुणाशी तरी भाजीबद्दल बोलत होती, हातभर अंतरावर. ते बोलणं ऐकू येत होतं याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. सिनेमात झाकण पडलं तेव्हा मला तो कोंड्याचा वास आला. खरंच आला.

आता हा योंगजो. दुष्ट राजा असता तर मी तुला लिहिलंच नसतं. 1724 ते 1776 अशी बावन्न वर्षं त्याने राज्य केलं, जोसनच्या इतिहासात सगळ्यात जास्त. सैन्यसेवेच्या बदली गरिबांकडून दर माणशी कापडाचे दोन तागे वसूल होत, ते त्याने 1750 मध्ये एकावर आणले. काही क्रूर शिक्षा बंद केल्या. दरबारातली एकमेकांच्या जिवावर उठलेली घराणी बरोबर घेऊन कारभार चालवायचा प्रयत्न केला. रयतेचा कळवळा असलेला, अभ्यासू, काटकसरी राजा. पण त्याची आई खालच्या घरातली, राजवाड्यात पाणी भरणारी दासी असं लोक सांगत. आणि ज्या सावत्र भावाच्या मागून हा गादीवर आला, त्याला यानेच विष घातलं अशी कुजबूज जन्मभर याच्या मागे लागली. आपण या गादीला लायक आहोत हे त्याला रोज सकाळी उठून नव्याने सिद्ध करावं लागे. अशा माणसाला चाळिशीत मुलगा झाला. दुसरं वर्ष लागलं नाही तोच त्याने त्याला युवराज केलं. माझ्यात जे कमी म्हणून लोक बोट दाखवतात ते याच्यात कुणाला सापडता कामा नये, एवढंच त्याने त्या पोराकडून मागितलं. पोराला चित्रं काढायची होती, धनुष्य चालवायचं होतं.

हा राजा करताना सोंग कांग-होने यातलं काय केलं बघ. राजाचा तो ठेवणीतला आवाज त्याने वापरलेलाच नाही. तो घरात बोलतात तसा बोलतो. कुरकुरतो, टोमणा मारतो. पोर चौदा वर्षांचं झाल्यावर राजाने त्याच्या हाती कारभार दिला आणि स्वतः मागे बसून राहिला. मुलाने आपल्या बुद्धीने निर्णय दिला की, मला विचारलं का नाहीस? विचारलं की, एवढंही तुला ठरवता येत नाही? सगळ्या दरबारासमोर. त्या प्रवेशात सोंगच्या चेहऱ्यावर राग मी शोधत होतो. दुसऱ्यांदा बघताना कळलं की तिथे भीती आहे. हा चुकला तर लोक म्हणणार, रक्तच तसलं. ती भीती तो एकदाही शब्दात येऊ देत नाही. आणि मुलापर्यंत पोचतो तो फक्त टोमणा.

दुसरी एक गोष्ट. योंगजोला अशुभ बोलणं कानावर पडलं की कान धुवायची सवय होती. मुलाशी बोलून झालं की तो पाणी मागवून कान धुई. ही सिनेमाची कल्पना नाही. सादोच्या बायकोने, राजवधू ह्येग्योंगने, साठीला आल्यावर 1795 पासून दहा वर्षांत चार भागांत आठवणी लिहून ठेवल्या, त्यात हे आहे. मुलगा जेवला का विचारायचं, त्याचं उत्तर ऐकायचं आणि कान धुवायचे. सोंग हे ओरडून करत नाही, जेवणानंतर चूळ भरावी तसं करतो. मी तिथे सिनेमा थांबवला आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण सादोचीही नुसती कीव करता येत नाही, आणि हीच या सिनेमाची खरी ताकद आहे. त्याचं मन पुढे बिघडत गेलं. कपडे घालायची दहशत बसली. एक पोशाख अंगावर चढायला वीस-तीस पोशाख मांडून ठेवावे लागत, काही जाळून टाकावे लागत. त्या झटक्यांत त्याच्या हातून नोकर मेले, त्याच्या मुलांची आई असलेली एक उपस्त्रीसुद्धा मेली. त्या माणसांनाही घरं होती ना? यू आ-इन हा मुलगा करताना स्वतःला आवडता करून घेत नाही. एका क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटतं, दुसऱ्या क्षणी त्याच्या खोलीत पाय ठेवायची हिंमत होणार नाही. त्याला या कामाबद्दल कोरियाचा ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाला. सादोची आई झालेल्या जॉन हे-जिनलाही सहायक अभिनेत्रीचा मिळाला, आणि तिचं काम तू मुद्दाम बघ. ही आईच शेवटी नवऱ्याकडे जाऊन सांगते की मुलाचा बंदोबस्त करा, नातवाला वाचवा. इतिहासातही तिनेच सांगितलं. कुठली आई असं सांगेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तो मुलगा तलवार घेऊन रात्री बापाच्या महालाकडे निघालेला होता.

त्या रात्रीचा प्रवेश हा सगळ्या सिनेमाचा गाभा आहे. पाऊस पडतोय. सादो दारापर्यंत येतो. आत म्हातारा राजा नातवाला विचारतोय की तुझ्या बापाने आजीसाठी भलत्या मानाचा सोहळा केला, ती राणी नाही, तरी तूही राणीलाच करतात तसे चार नमस्कार तिला का केलेस? आणि ते लहान पोर सांगतं की त्या दिवशी मला बाबांचं मन दिसलं. बाहेर उभ्या असलेल्या बापाला हे ऐकू येतं. जे ऐकायला तो जन्मभर स्वतःच्या बापाच्या तोंडाकडे बघत राहिला, ते त्याला मुलाकडून मिळतं, तेही चोरून, भिंतीआडून. तलवार खाली जाते. यू आ-इन तिथे फारसं काही करत नाही. नुसता ऐकतो. सोहम, तू रंगमंचावर ऐकत नाहीस, पुढचं वाक्य मनात जुळवत उभा असतोस. हे मी दोन नाटकांत पाहिलंय.

तरीही बाप पेटारा मागवतो. का, याचंही उत्तर सिनेमा देतो. युवराजाला राजद्रोही ठरवून उघड मारलं असतं तर त्याची बायको आणि मुलगा गुन्हेगाराचे ठरले असते, आणि गादीला उरला होता तो एकटा नातूच. म्हणजे त्या क्रौर्याला हिशेब होता. हिशेब होता म्हणून ते कमी झालं का? मला नाही वाटत. शेवटाकडे एका रात्री बाप पेटाऱ्याबाहेर आणि मुलगा आत असे दोघं बोलतात. बोलतात की दोघांच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं, ते सिनेमा ठरवत नाही. मरणाच्या उंबऱ्यावर येईपर्यंत हे बोलणं का झालं नाही असं म्हातारा म्हणतो, आणि मुलगा म्हणतो की मला एक मायेची नजर हवी होती, एक प्रेमाचा शब्द. मला वाटलं होतं आता झाकण उघडेल. इतिहास माहीत असूनही वाटलं. ते उघडतं ते मुलगा गेल्यावर, आणि म्हातारा हात आत घालून त्याचा चेहरा चाचपतो.

तुझ्या भूमिकेबद्दल मला म्हणायचंय ते इथे आहे. योंगजोची बाजू सोंगला पुरती ठाऊक आहे, आईची जात, भावाचा संशय, नातवाची काळजी, सगळं. पण त्यातलं काहीही तो सबब म्हणून आपल्यापुढे धरत नाही. मुलाला टोचतो तेव्हा पूर्ण जोराने टोचतो, कारण त्या घडीला त्या माणसाला आपण बरोबरच आहोत असं वाटतंय. तू तुझ्या बापाची बाजू शोधलीस आणि ती प्रेक्षकांना सांगत सुटलास. ती पोटात ठेव. "चालती हो" ला पूर्ण जोर लाव. मुलगी गेल्यावर त्याच्या हातांचं काय होतं ते बघ. कडी लावतो की दार उघडं ठेवतो? माझ्या मते तुझा माणूस तिथे आहे.

सिनेमाचा शेवट मला लांबला असं वाटलं. नातू मोठा होऊन राजा होतो, बापाची समाधी सुवॉनला हलवतो, आईला घेऊन तिकडे जातो, तिच्यासमोर नाचतो. घडलेलं बरंचसं खरं आहे, 1796 मध्ये पुरा झालेला तिथला ह्वासोंग किल्ला आजही उभा आहे. पण आठव्या दिवसानंतर मला काही नको होतं. आणि राजवधूला म्हातारी दाखवताना मेकअप अजिबात साधलेला नाही. एवढं सोडलं तर दोन तासांत मला कुठे हलता आलं नाही. बापाने मारल्यावर मुलाला नाव दिलं 'सादो', म्हणजे दुःखाने आठवण काढणं. जिवंतपणी ज्याला एक बरा शब्द दिला नाही, त्याला हे नाव दिलं.

आणखी एक लिहायचं होतं, ते कदाचित या पत्राचं खरं कारण आहे. सातवीत तू शाळेच्या नाटकात म्हाताऱ्या नोकराचं काम केलं होतंस. घरी आल्यावर तू हातपाय न धुता माझ्यासमोर येऊन उभा राहिलास, कपाळावर अजून खडूची पांढरी सुरकुती होती. मी म्हणालो, "आवाज मागच्या रांगेपर्यंत येत नव्हता." एवढंच. तू "हो बाबा" म्हणून मोरीकडे गेलास. ते खरं होतं, आवाज येत नव्हता. पण दुसऱ्या प्रवेशात तू मालकाचं उष्टं ताट उचलून आत जाताना दाराशी थांबलास, ताटातली अर्धी भाकरी बघितलीस आणि इकडेतिकडे न बघता धोतराच्या सोग्यात बांधलीस. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं, तुझ्या बाईंना मी नंतर विचारलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी डोळे पुसले आणि मीही. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही. का नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुला गर्व होईल असं काहीतरी वाटलं असेल. आज सांगतो.

प्रयोगाला आम्ही दोघं पहाटेच्या गाडीने येतोय. आई दडपे पोहे करून आणणार आहे, तुमच्या मंडळींनाही पुरतील इतके. मी मागच्या रांगेत बसेन.

तुझा,
बाबा