तुझं भाषण वाचलं

चि. दीदी,

तू व्हॉट्सअपवर पाठवलेलं भाषण काल रात्री दोनदा वाचलं, एकदा मनात अन एकदा तुझ्या आईला मोठ्यानं. जिनिव्हाला बालहक्कांची समिती बसते, तिच्याकडं पोरांचं म्हणणं जाणार अन त्यात ऊसतोडीच्या पोरांचं तू मांडणार, हे आईला समजावून सांगायला अर्धा तास गेला, मग ती किती तरी वेळ गप्पच बसली, डोळे भरले होते तिचे.

लिहिलंय चांगलं. 20 नोव्हेंबर 1989 ला संयुक्त राष्ट्रांत बालहक्कांचा करार झाला, भारतानं 1992 मधी मान्य केला, कलम 12 प्रमाणं पोराच्या बाबतीत काही ठरवायचं तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, सगळं आलंय. 1992 ला मी 8 वर्षांचा होतो, दिवाळी झाली की तुझ्या आजोबांच्या बैलगाडीत बसून उसाच्या फडावर जायचो, असा काही हक्क आपल्याला आलाय हे आमच्या तांड्या-वस्तीवर कुणी सांगितलं नाही.

इक्बाल मसीहचं तू लिहिलंस ते मी मोबाईलवर शोधून वाचलं. पाकिस्तानातलं पोरगं, घरच्यांनी 600 रुपये घेतले त्यापायी 4 वर्षांचा असताना गालिच्याच्या मागावर बसवला, 10 व्या वर्षी सुटला, 1994 ला अमेरिकेत जाऊन बोलला अन 1995 च्या एप्रिलमधी गोळी घालून मारला, 12 वर्षांचा. ते 600 रुपये म्हणजे हंगामाआधी आपण आगाऊ पैसे घेतो ती उचलच की गं. मुकादमाची उचल घेतली की कोयता बांधला गेला, अन कोयता म्हणजे नवरा-बायको, वहीत तेवढंच, मागं आलेल्या पोराचं नाव कुठंच नसतं, पण उसाचे वाढे गोळा करायला, पाणी आणायला, धाकटं सांभाळायला पोरगं लागतंच. हे तू घातलं नाहीस, हे घाल, तिथल्या लोकांना कोयता काय असतो ते माहीत नसणार.

आता खरं बोलायचंय ते बोलतो. तू लिहिलंस, "परिस्थितीमुळे आमच्या गावातल्या एका मुलीची सहावी बुडली." ती मुलगी कोण हे मला कळत नाही का बाळा? त्या साली आजीचं गुडघ्याचं दुखणं होतं, मागं राहणाऱ्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं नव्हतं, छोटू 7 महिन्यांचा. परिस्थिती होतीच. पण रात्री टेम्पो भरला अन तुला उठवून वर बसवलं, तुला विचारलं नाही, तू दप्तर घेतलं का हे पण बघितलं नाही. साताऱ्याकडच्या त्या फडावर छोटूची झोळी एका हातानं हलवत तू कोपीच्या दारात काडीनं मातीत 17 चा पाढा लिहीत होतीस, मी बैल पाण्यावर न्यायला सोडले अन ते त्याच्यावरून गेले. तू काही बोलली नाहीस, परत पहिल्यापासून लिहायला बसलीस. ते मला अजून दिसतं.

2002 ला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत बोलिव्हियाची 13 वर्षांची गॅब्रिएला अन मोनाकोची 17 वर्षांची ऑड्री जगातल्या पोरांच्या वतीनं बोलल्या, तूच मला पाठवलं होतंस. आम्ही रस्त्यावरची पोरं, आम्ही युद्धातली पोरं, असं म्हणाल्या त्या. आम्ही म्हणाल्या. कुणी एक मुलगी असं नाही म्हणाल्या.

भावकीत बोलतील, बापाची इज्जत परदेशात नेऊन घातली म्हणतील, ते माझ्याकडं सोड, मी बघतो. तू "एका मुलीची" खोडून "माझी" लिही, अन "परिस्थितीमुळे" च्या पुढं "वडिलांनी मला न विचारता नेलं" हे पण लिही. दुरुस्त केलं की लगेच पाठव, आईला परत वाचून दाखवायचंय.

तुझे अण्णा