चि. मुग्धा हिस, जत्रांना निघण्यापूर्वी

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

भाईकाकांनी यंदानंतर तोंड रंगवायचं नाही असं ठरवलंय आणि ते ऐकताच तू रजा टाकलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं केलंस. दशावतारात त्यांची द्रौपदी, त्यांची तारामती पाहिलेली माणसं गावोगाव आहेत, पण आपल्या घरात त्या भूमिकांचे धड चार फोटो नाहीत. जे आहेत ते लग्नाकार्यातले, नेहरू शर्टातले. हे काम तुझ्याच हातून व्हायचं होतं.

तू स्कूटरने निघणार आहेस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, असं आईला कबूल केलंय. म्हणून कॅमेऱ्याचंच लिहितो.

पालखी देवळात परतली की मध्यरात्रीच्या सुमारास खेळ उभा राहतो, आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. उजेड मंडपवाल्याच्या मर्जीचा. हल्ली बहुतेक ठिकाणी स्वस्त एलईडी असतात आणि ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण एका आवर्तनात दोनदा मंदावणारी आपली वीज ५० हर्ट्‌झची. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० ला काढलेल्या दहा फोटोंत दहा वेगळे उजेड येतात, किंवा अर्ध्या चेहऱ्यावर काळपट पट्टा. म्हणून संथ प्रसंगात, म्हणजे बाकावर बसून संवाद चाललेला असताना, शटर १/१०० ठेव. लुकलुकीचं एक पूर्ण आवर्तन त्यात मावतं. युद्ध आणि नाच यांना १/२५० ते १/५०० लागतंच, तेव्हा मेन्यूतलं अँटी-फ्लिकर चालू कर आणि मेकॅनिकल शटर वापर. आवाज होत नाही म्हणून सायलेंट मोडचा मोह होईल. तो नेमका इथेच दगा देतो, कारण तिथे सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. पखवाज आणि झांजेपुढे तुझी टकटक कुणाला ऐकू येणार आहे?

एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००. कणकण दिसले तर दिसू देत, हललेला चेहरा मात्र कशानेही दुरुस्त होत नाही. मागे काळोख आणि पुढे सफेता, म्हणजे पांढरा रंग, लावलेलं तोंड असलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर काळोख पाहून फसतं आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा होतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आण. संकासुर राक्षसाच्या वेळी सगळंच काळं. मुखवटा काळा, अंगरखा काळा. तिथे त्याच्याकडे न बघता शेजारच्या भटजीच्या चेहऱ्यावर मीटरिंग कर आणि तो आकडा मॅन्युअलवर कायम ठेव. लाल किंवा निळा झोत पडला तर नुसता पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहू नको, तीन रंगांचा वेगळा पाहा. लाल रंग एकटाच भरून गेला की लुगड्याच्या निऱ्या एकजीव होतात, आणि मग रॉ फाइलही काही देत नाही. फ्लॅश तर पिशवीत घेऊच नको.

खरं काम रंगपटात आहे. देवळामागे कुठेतरी एक बल्ब, पेटाऱ्याला टेकवलेला आरसा, आणि ज्याने त्याने आपलं तोंड आपणच रंगवायचं. ३५ मिमी लेन्स लाव, पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) २८०० केल्विनच्या आसपास बांधून टाक. ऑटोवर ठेवलास तर प्रत्येक फोटोत काकांचा रंग निराळा येईल. आरशातला चेहरा घेताना ऑटोफोकस आरशाच्या चौकटीला चिकटतो. प्रतिबिंबाचं अंतर म्हणजे तुझ्यापासून आरसा आणि आरशापासून चेहरा, दोन्ही मिळून. फोकसचा ठिपका स्वतः डोळ्यावर ने. भुवई कोरताना, गंगावन बांधताना, निऱ्या खोचताना नुसते हात घे. आणि अर्ध्या रंगलेल्या तोंडाचा एक फोटो पाहिजेच, ज्यात भाईही आहे आणि ती बाईही आहे. तो काढायच्या आधी त्यांना विचार. नाही म्हणाले तर नाही.

संवाद लिहिलेले नसतात हे तुला माहीत आहे. आख्यान ठरतं आणि बोलणं उभ्या उभ्या सुचतं, म्हणून फोटोबरोबर आवाजही ठेव. रेकॉर्डर स्पीकरच्या तोंडाशी नको, पायपेटीपासून (पायाने हवा भरायची हार्मोनियम) दोन-तीन हात लांब. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलवर थांबेल इतकी पातळी. झांज अचानक चढते, तेवढी जागा लागतेच.

पहाटे दव पडतं. हूड लावलेलं असू दे, काच ओढणीने पुसू नको. आणि दहीकाला झाला की पहिल्यांदा झोप. त्या वेळी डोळे उघडे असतात पण माणूस जागा नसतो, त्यात सावंतवाडीकडचे ते वळणांचे रस्ते. मंडळींच्या गाडीत जागा असते, भाईंना विचारलंस तर नाही म्हणणार नाहीत. घाटाचं तर बोलूच नको. आंबोलीत सकाळी दहा हातांवरचं दिसत नाही.

बघ, बोललोच.

तुझी ती ढोलताशाची मालिका मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. टिपरू हवेत आणि कातडं अजून थरथरतंय, तो फोटो मला जमला नसता. म्हणून शिकवणीचा सूर लागला असेल तर सोडून दे. पण साठवणीचं मात्र ऐक. दोन्ही कार्डांवर एकच फोटो जाऊ दे, कार्ड भरलं म्हणून दुसरं ओव्हरफ्लोला लावू नको. जत्रेतल्या जत्रेत काही पुसायचं नाही. सकाळी उठल्यावर, उठल्यावर म्हणतोय मी, दोन डिस्कवर प्रत काढ, त्यातली एक काकीच्या कपाटात ठेव आणि दुसरी स्वतःजवळ. तिसरी प्रत घरी आल्यावर माझ्याकडे. दोन्ही डिस्क एकाच सॅकमध्ये असल्या तर ती एकच प्रत समज. काकी म्हणेल व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. टाक तिच्यासाठी, पण तिथे फोटो आक्रसतो, आणि कधी कशाने काढला ही आतली नोंदही पुसली जाते. मूळ फाइल वेगळी राहू दे.

दुपारी माडीवरच्या अल्बमकडे बघ. तो चिकट पानांचा आहे, गोंद पिवळा पडलाय. फोटो उपसायचा नाही. दात साफ करायचा दोरा एका कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे ने. अडला तर सोड आणि पानासकट फोटो काढ. देवघराशेजारी आजोबांची तसबीर काचेला चिकटली आहे. पावसाळ्यात फोटोवरचं जिलेटिन मऊ होतं आणि काच धरून बसतं, ओढलं तर चेहरा काचेवर राहील. तिला तशीच अंगणात सावलीत ने, कॅमेरा अगदी समांतर धर, तुझ्यापुढे काळी चादर धरायला कुणाला तरी उभं कर, नुसती लेन्स बाहेर राहू दे, म्हणजे काचेत तू दिसणार नाहीस. फोटोमागे बॉलपेनने लिहू नको, खळी पुढे उमटते. नावं वेगळ्या कागदावर लिही, काकीला विचारून. त्यातल्या निम्म्या बायका फक्त तिलाच ओळखता येतील आणि तिचीही दृष्टी आता तशी राहिलेली नाही.

पखवाजवाल्यांचं आणि पायपेटीवाल्यांचं पूर्ण नाव आणि गाव त्याच रात्री टिपून घे. ‘सोबत इतर कलाकार’ असं कुठल्याही फाइलमध्ये येता कामा नये. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्यापूर्वी लाव, नाहीतर तारखेवरून खेळ कुठल्या गावचा हे पुढे कुणाला कळणार नाही.

तिसरी बॅटरी हॉलच्या कपाटात, वरच्या खणात आहे. आईने एसटीची वेळ विचारून ठेवली आहे, कुडाळपर्यंत थेट गाडी आहे. नुसतं सांगतोय.

तुझा,
बाबा