टेलिफोनच्या गावाहून

ब्रँटफर्ड, ओंटारिओ
२७ जानेवारी

ती. आई-बाबांस शि. सा. न. वि. वि.

आधी तब्येतीचं सांगते, म्हणजे पुढचं आई शांतपणे ऐकेल. खोकला गेला. बोटं फुटली होती ती मोजे न घालता कचऱ्याचा डबा बाहेर नेला म्हणून, चूक माझीच. दोन वेळा नीट जेवते. व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात, तो फोनचा दोष. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हा कागद.

बाबा, तुम्ही विचारलंत की रात्री अकराला खिडकीबाहेर पाइप घेऊन कोण उभं होतं. ते आमचे घरमालक आजोबा. बाहेर उणे बारा, आणि हा माणूस परसात पाणी मारतोय! मलाही आधी वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं नाही. आधी बर्फ तुडवून सपाट करायचा, कडेला फळ्या लावायच्या, मग पाण्याचा पातळ थर द्यायचा. तो गोठला की दुसरा. आई अंगण सारवते तसंच, पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाईत जाड थर दिला की वर पापुद्रा आणि खाली पोकळ. एक पान पडून राहिलं तरी उन्हात तापून तिथे खड्डा पडतो, म्हणून ते आधी झाडूने झाडतात. आठ-दहा रात्री असं केलं की बर्फाची फरशी तयार. नातू शाळेआधी त्यावर हॉकी खेळतो. आपली हॉकी नव्हे. चेंडूऐवजी अनारशाएवढी रबराची चकती. ती फळीवर ठक्कन आपटते तीच माझी सकाळची घंटा.

हे वेड इथे घरोघरी आहे, पण ह्या गावाला त्याचा जरा जास्तच अभिमान, कारण वेन ग्रेट्झकी इथला. बर्फावरच्या हॉकीतला सचिनच म्हणा. जन्म २६ जानेवारी १९६१, म्हणजे काल तुम्ही झेंडावंदनाला गेलात तेव्हा इथे आजोबांना त्याचा वाढदिवस आठवत होता. आणि बाबा, त्याचे वडील वॉल्टर तुमच्याच खात्यातले! बेल टेलिफोन कंपनीत होते. गावही टेलिफोनचंच, ग्रॅहॅम बेल इथे राहायचा, १८७६ मध्ये इथून जवळच्या पॅरिस नावाच्या गावात तारेवरून आवाज पोचला. तुम्ही इथे आलात तर दोन दिवस घरी येणार नाही.

वॉल्टर पोराला बागेतल्या बर्फावर नेऊन गारठायचे. शेवटी परसातच पाणी सोडलं, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून लक्ष ठेवता येईल. सहाव्या वर्षी पोरगा दहा वर्षांच्या मुलांत खेळायचा. जर्सी गुडघ्यापर्यंत यायची, म्हणून एका बाजूने चड्डीत खोचलेली. पुढे मोठा झाला तरी ती खोच राहिलीच. दहाव्या वर्षी एका हंगामात ३७८ गोल. मग इतर पोरांच्या आईबापांना बघवेना, आणि चौदाव्या वर्षी त्याला घर सोडून टोरंटोला जावं लागलं. आई, चौदा. मी निदान चोवीस वर्षांची होते.

पुढे एडमंटनच्या संघाकडून चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे ह्या हॉकीतला इथला सगळ्यात मोठा चषक: १९८४, ८५, ८७, ८८. आणि ९ ऑगस्ट १९८८ ला त्याला लॉस एंजेलिसला विकलं. पत्रकारांसमोर तो रडला. वीस हंगामांत २८५७ गुण, त्यातले १९६३ दुसऱ्याला गोल करायला दिलेल्या पासचे. नुसते हे पासच दुसऱ्या कुणाच्याही एकूण गुणांपेक्षा जास्त भरतात. ८९४ गोलांचा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये ओवेचकिन नावाच्या रशियनाने मोडला. आजोबा म्हणतात, गोल कुणीही मोजेल, पास मोज. सध्या मात्र ट्रम्पशी असलेल्या दोस्तीवरून इथले बरेच लोक वेनवर रुसलेत. आजोबाही रुसलेत, पण दुसऱ्या कुणी बोललं की चिडतात.

मुलगा एवढा कमावता झाला तरी वॉल्टर त्याच घरात राहिले. १९९१ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला आणि मधली कितीतरी वर्षं पुसली गेली, पोराच्या विजयांची सुद्धा. २०२१ मध्ये गेले. हे ऐकून मी उगाच खाली जाऊन भांडी घासली. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

आता कामाचं. ऐंशी हजार पाठवलेत. ते माझ्या कर्जाच्या हप्त्यात घालू नका, हप्ता मी इथून भरते. पावसाआधी स्लॅबचं काम करून घ्या. पैसे कमी पडले तर सांगा, पण काकांकडून घेऊ नका.

पलूसच्या स्थळाला नाही म्हणून कळवा. मुलगा वाईट आहे असं नाही. कारण समोर बसून सांगेन.

आणि धाकटीचं लग्न. आई, चिडू नकोस. वर्क परमिटचं नूतनीकरण अडकलंय. ते हातात येण्याआधी बाहेर पडले तर परतल्यावर कामावर रुजू होता येणार नाही. मे महिन्यात मी येऊ शकत नाही. तिला मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. पैठणीचे पैसे वेगळे पाठवलेत, रंग तिचा तिला निवडू दे, तुझा नको.

मुहूर्त १२ वाजून ३५ चा ना? इथे तेव्हा रात्रीचे तीन वाजून पाच. मी जागी असेन. फोन कुणाच्या हातात देऊ नका, हलतो. अक्षतांच्या ताटाला टेकवून उभा करा, चार्जिंग बघून.

तुमची,
ताई