अकरावीच्या वर्गात येऊन नाटक वाचणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

निवृत्तीनंतरही दर शनिवारी डोंबिवलीहून लोकलने परळला येऊन आपण आमच्या अकरावीच्या वर्गासोबत विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचले, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माणसातल्या दुष्टपणाविषयी वर्गात बोलायचे म्हटले की आम्ही शिक्षक सहसा एखादा खलनायक शोधतो. त्याला शिक्षा झाली की धडा संपतो आणि मुले निर्धास्त होऊन घरी जातात. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात तशी सोय नाही. मुंबईतल्या एका हौशी नाटकमंडळीतली चारचौघांसारखी माणसे गावातल्या सभागृहात लुटुपुटूचा खटला उभा करतात, सोबतच्या लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात आणि खेळता खेळता तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात.

मुलांचा सगळा राग खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर आणि वकील झालेले सुखात्मे यांच्यावर होता. आपण मात्र त्यांना सामंतांपाशी थांबवले. सामंत गावचे, भिडस्त, घरातल्या लहान मुलासाठी कापडी पोपट घेतलेले. बेणारेबाईंचे वाईट व्हावे असे त्यांच्या मनातही नसते. साक्षीदार हवा म्हणून ते उभे राहतात, जवळच्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतात, आणि त्या साक्षीने बेणारेबाईंभोवतीचा फास आणखी आवळला जातो. ‘मग सामंतही दोषी का?’ असे एकाने विचारले, तेव्हा आपण उत्तर दिले नाही; त्या सभागृहात आपण असतो तर कोणत्या वाक्यापर्यंत हसलो असतो, एवढेच प्रत्येकाला वहीत लिहायला सांगितले. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाची चाललेली टिंगल आणि त्यावर स्वतः टाकलेले हसरे चेहरे एका मुलीने त्याच वहीत आपणहून लिहून काढले. इतकी वर्षे सुविचार सांगून मला हे साधले नव्हते.

काही पालकांना या वयात हे वाचन जड वाटले. मला ते पटत नाही. निर्जन बेटावरच्या शाळकरी मुलांची क्रूरता १९५४ साली कादंबरीत मांडणारे विल्यम गोल्डिंग स्वतः शिक्षक होते. रोज मुलांमध्ये वावरणाऱ्याला हे वय ओळखीचे असते.

जूनमध्ये नवी तुकडी येईल आणि तिच्याबरोबरही मी हेच नाटक वाचणार आहे. समासात पेन्सिलीने खुणा केलेली आपली प्रत तोवर माझ्याकडे राहू द्यावी आणि आपल्या सवडीचे शनिवार कळवावेत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
अकरावीचा मराठीचा शिक्षक
परळ, मुंबई