माझ्या मुलीचा मधुमेह गोड खाऊन झालेला नाही

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मधुमेहावरचा लेख वाचला. काल दिवसभर मनात धुमसत होतं, आज लिहायला बसलेच.

साखर, मैदा, बैठं काम, जागरणं, सगळं लेखात आलं. टाइप २, म्हणजे सहसा मोठ्या माणसांना होणाऱ्या मधुमेहाबाबत त्यातलं बरंचसं बरोबरही आहे. माझे सासरे रोज चालून, जेवण सांभाळून गोळ्यांवर गेली १५ वर्षं उत्तम आहेत. पण पानभर नुसता ‘मधुमेह’ हा एकच शब्द, आणि शेवटी ‘इच्छाशक्ती असेल तर इन्सुलिनही सुटतं’ असं ठणकावून सांगितलेलं! हे वाक्य माझ्या ११ वर्षांच्या मुलीने माझ्याआधी वाचलं. नाश्त्याआधीच्या इंजेक्शनसाठी हाक मारली, तर पेपर हातात घेऊन आली आणि म्हणाली, “आई, माझी इच्छाशक्ती कमी आहे का गं?”

तिला टाइप १ आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याचा, लाडांचा, व्यायामाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. सासऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, ते पुरेसं लागू पडत नाही. हिच्या शरीरात ते बनतच नाही, म्हणून बाहेरून द्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं हाडांचा सापळा होऊन आईबापांच्या डोळ्यांदेखत जायची. त्या इंजेक्शनबद्दल ‘सुटतं’ असं लिहिताना कुणाचाच हात कसा थांबला नाही?

ती ७ वर्षांची होती तेव्हाचं सांगते. गणपतीचे दिवस होते. रात्रीतून चार-चारदा पाणी मागायची, एवढी मोठी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. मोरीत मुंग्या लागायच्या, त्या मी खडू ओढून घालवायचे; लघवीतून साखर जातेय म्हणून त्या येतात, हे कुठे ठाऊक होतं! आदल्या महिन्यात शिवलेला परकर कमरेवर ठरेना. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले लघवीचा संसर्ग आहे, पाच दिवसांचं औषध दिलं. चौथ्या दिवशी पोटात दुखून उलट्या, तर पित्ताचं औषध मिळालं. त्या रात्री ती धाप लागल्यासारखा श्वास घेत होती आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या सिस्टरने बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त घेतलं. मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ (HI), म्हणजे मोजता येईल त्याहून जास्त, असं आलं. इन्सुलिन नसल्यामुळे शरीर चरबी जाळत होतं आणि रक्तात आम्ल साठत गेलं होतं. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढले. तो एक थेंब आठवडाभर आधी कुणी तपासला असता तर! लहान मुलाला मधुमेह असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण मधुमेह म्हणजे पोट सुटलेला पन्नाशीचा माणूस, हेच चित्र आपण सगळे वर्षानुवर्षं बघत आलोय.

त्यानंतर नातेवाईक भेटायला यायचे ते “चॉकलेटं फार दिलीत” म्हणत. चार वर्षं मी हे खोडून काढतेय, आणि तुमच्या एका पानाने ते पुन्हा घरात आणलं.

माझ्या धाकट्या जावेला सहाव्या महिन्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला, तेव्हा तिलाही आंबे खाल्ल्याबद्दल बोलणी बसली. गरोदरपणात वारेतल्या संप्रेरकांमुळे इन्सुलिन कमी लागू पडतं, हे बोलणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने टाइप ५ ला मान्यता दिली, तो तर लहानपणी पोटाला पुरेसं न मिळाल्यामुळे होतो. मग ‘खादाडांचा आजार’ हे तुमच्या लेखाच्या चौकटीतले शब्द कुणाला उद्देशून होते?

आणखी एक. त्याच लेखाच्या खाली ‘मधुमेह मुळापासून बरा’ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे. वर इन्सुलिन सोडा म्हणणारा लेख आणि खाली ते चूर्ण, हे पान एखाद्या खेड्यातल्या बापाच्या हाती पडलं आणि त्याने पोराचं इंजेक्शन थांबवलं, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

तुमचा पेपर आमच्या घरी माझ्या लग्नाआधीपासून येतो. म्हणून विनंती करते, त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापा. टाइप १ मध्ये इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही, आणि मूल सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, वाळत चाललं असेल तर त्याच दिवशी साखर तपासा, एवढं तरी त्यात असू द्या. मुलीने तो लेख कापून वहीत ठेवलाय. तुमची दुरुस्ती आली की ती त्या लेखाच्या शेजारच्या पानावर चिकटवायला देईन.

— टाइप १ असलेल्या मुलीची आई, कराड