संमेलनातला एक तास आत्मकथनांसाठी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा आपल्या सीमाभागातील गावांत साहित्य संमेलनांची तयारी सुरू होते. कथाकथन आणि कविसंमेलनाच्या जोडीला अलीकडे यशस्वी व्यक्तींची प्रेरणादायी व्याख्यानेही असतात. संयोजकांनी यंदा एक तास प्रांजळ आत्मकथनांच्या वाचनासाठी राखून ठेवावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे यजमान साडेतीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. भेटायला येणारी माणसे ‘धीर धरा’ म्हणत आणि ती मनापासूनच म्हणत. पण रात्री दोन वाजता यजमानांचे अंथरूण बदलताना मला त्यांचाच राग येई आणि सकाळी त्या रागाची लाज वाटे, हे मी कोणापाशी बोलणार होते? त्या दिवसांत मुलीने वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणून दिली. 1895 मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आपण कशा कोसळलो, सोवळ्याओवळ्याच्या कल्पना आपल्या मनात किती घट्ट होत्या आणि त्या कशा गळून पडल्या, हे बाईंनी काहीही न झाकता सांगितले आहे. एवढ्या थोर बाईने आपला दुबळेपणा उघड मांडलेला पाहून माझ्या मनावरचे ओझे पहिल्यांदा हलके झाले.

पुढे आनंद यादवांचे ‘झोंबी’ वाचले. निपाणीशेजारच्या कागलचा हा मुलगा वडिलांचा विरोध सोसून, शेतात राबून शाळा शिकतो. त्याला कवितेची गोडी लावणाऱ्या सौंदलगेकर मास्तरांच्या आडनावातले गाव तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले! पिकाला पाणी पाजताना पूर्वी खायला उठणारा एकटेपणा, कविता मोठ्याने म्हणता येऊ लागल्यावर त्याला हवासा वाटू लागतो, हा भाग मी रात्रीच्या जागरणात कितीदा तरी वाचला. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये दलितांवरील अन्यायाइतक्याच स्पष्टपणे आपल्याच समाजातील सुनांचा छळही लिहिला. आपल्या माणसांविषयी खरे लिहायला केवढे धैर्य लागत असेल! यशोगाथा ऐकताना मी स्वतःला कमी लेखत असे. ही पुस्तके वाचताना मात्र स्वतःला तपासत गेले आणि आजारी माणसाशी अधिक मायेने वागू लागले.

आपल्या भागाने सीमाप्रश्नाची 1956 आणि 1986 ची आंदोलने पाहिली. हुतात्म्यांना आपण दरवर्षी अभिवादन करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या काळात घर चालवलेल्या बायकांनी किंवा घरात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी ओढाताण सोसलेल्या माणसांनी स्वतःविषयी लिहिलेले माझ्या फारसे वाचनात आलेले नाही. ही पिढी आता थकली आहे. संमेलनात अशी पुस्तके वाचली गेली, तर त्यांतील कोणाला तरी वही उघडावीशी वाटेल, निदान नातवंडांना सांगावेसे वाटेल.

गेल्या पावसाळ्यापासून मीही त्या साडेतीन वर्षांविषयी लिहू लागले आहे. संयोजकांनी संधी दिल्यास त्यातील दोन पाने, त्या रागाच्या रात्रीसकट, वाचण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, बेळगाव तालुका